कोरियातील पहारा

रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावस गावाच्या पुढे, मुचकुंदी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे पूर्णगड नावाचा एक लहानसा किल्ला आहे. त्याच्या दरवाजाबाहेर मारुतीचे छोटेसे देऊळ आहे. आत शिरून पलीकडच्या बाजूस गेले की तटात दुसरा दरवाजा लागतो, आणि त्यातून थेट पश्चिमेचा सागर दिसतो. या तटावर एके काळी पहारेकरी उभे राहत. त्यांचे काम कष्टाचे होते, परंतु समजण्यास सोपे होते. खाडीच्या मुखाशी परके गलबत दिसले की इशारा द्यावयाचा, आणि ते शत्रूचे निघाले तर त्यास अडवावयाचे. पहारेकऱ्याची पाठ आपल्या माणसांकडे असे आणि तोंड शत्रूकडे.

पहाऱ्याचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात ज्याच्यावर पहारा करावयाचा तो शत्रू नसतो आणि मित्रही नसतो. तो आपल्याला शिव्या देतो, दगड मारतो. तरीही त्याच्या जिवाचे रक्षण करणे हे आपलेच काम असते. सन १९५३ मध्ये भारताचे सुमारे सहा हजार सैनिक मायदेशापासून हजारो मैल दूर, कोरिया देशात, अशा पहाऱ्यावर गेले होते. त्यांत महाराष्ट्रातील जवानही होते, आणि त्या सर्वांचे सेनापती होते कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. त्यांचे चरित्र पुढे सांगितले आहे.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ साली कोल्हापूर संस्थानात झाला. त्यांचे वडील डॉ. पांडुरंग चिमणाजी पाटील हे शेतकीशास्त्रातील नामांकित विद्वान होते. घराणे शेतकऱ्याचे, आणि घरात विद्येचे वातावरण. अशा घरातील मुलगा डॉक्टर किंवा प्राध्यापक झाला असता तर कोणास नवल वाटले नसते. शंकररावांनी मात्र सैनिकाचा पेशा पत्करला. त्या काळी हिंदी तरुणास सैन्यात अधिकारी होणे अतिशय दुर्घट होते. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात हिंदी विद्यार्थ्यांसाठी मोजक्याच जागा राखलेल्या असत. तेथे शिक्षण पुरे करून शंकरराव १९२६ साली अधिकारी झाले आणि पंजाबी पलटणीत दाखल झाले. मराठी मुलूख सोडून पंजाबी शिपायांत राहावयाचे, त्यांची भाषा बोलावयाची, त्यांचे सणवार आपले मानावयाचे, हे शिक्षण त्यांना पलटणीनेच दिले. निरनिराळ्या जातिधर्मांच्या माणसांस एकत्र वागवण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आराकान प्रांतात जपानी सैन्याशी घनघोर लढाया झाल्या. जानेवारी १९४५ मध्ये काँगाव नावाच्या ठिकाणी जी लढाई झाली तीत एका ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते. एक होते कोडगूचे थिमय्या, दुसरे एल. पी. सेन आणि तिसरे आपले थोरात. त्यापूर्वी मोठ्या लढाईत हिंदी माणसांच्या हाती पलटणी सोपवण्यास इंग्रज अधिकारी कचरत असत. काँगावच्या टेकड्यांवर त्या शंकेचा निकाल लागला. मेलरोझ असे नाव दिलेली एक टेकडी जपान्यांनी बळकट करून ठेवली होती. ती थोरातांच्या पलटणीने चढून जाऊन, पुष्कळ प्राणहानी सोसून काबीज केली. तिन्ही नायकांस शौर्याबद्दल डी. एस. ओ. हा बहुमान मिळाला. ते तिघेही पुढे स्वतंत्र भारताच्या सेनेतील मोठे सेनानी झाले, आणि थिमय्या व थोरात यांची तर पुन्हा एकदा जोडी जमावयाची होती.

ती जोडी कोरियात जमली. परंतु त्याआधी कोरियात काय घडले हे पाहिले पाहिजे.

कोरिया हा चीनच्या शेजारचा एक द्वीपकल्पाचा देश. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेवर स्वारी केली. दक्षिणेच्या साहाय्यास संयुक्त राष्ट्रांच्या नावाने अमेरिका व इतर राष्ट्रे धावली. उत्तरेच्या साहाय्यास चीनचे सैन्य आले. भारताने या युद्धात लढण्यास कोणाच्याही बाजूने सैन्य पाठवले नाही. जखमींच्या सेवेसाठी मात्र लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली एक वैद्यकीय पथक १९५० सालीच तेथे पाठवले. हे पथक हवाई छत्रीने उतरण्याचे शिक्षण घेतलेले होते.

तीन वर्षे युद्ध चालले. लक्षावधी माणसे मेली, आणि सरहद्द जवळजवळ होती तेथेच राहिली. तहाची बोलणी सुरू झाली तेव्हा एका प्रश्नावर ती पुष्कळ काळ अडून बसली. तो प्रश्न युद्धकैद्यांचा होता. युद्ध संपले की कैद्यांना आपापल्या देशी परत पाठवावयाचे, हा सर्वसाधारण रिवाज. परंतु दक्षिणेच्या ताब्यातील हजारो चिनी व उत्तर कोरियाई कैदी आम्हांस परत जावयाचे नाही असे सांगू लागले. उत्तरेचे म्हणणे असे की, त्यांना धाक घालून तसे बोलावयास लावले आहे. दक्षिणेचे म्हणणे असे की, न येणाऱ्यास बळाने पाठवणे हा अन्याय होय. खरे काय ते कैद्यांच्या मनातच दडलेले! शेवटी असे ठरले की, अशा कैद्यांना काही महिने एखाद्या तटस्थ राष्ट्राच्या सैन्याच्या ताब्यात द्यावे. त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी येऊन त्यांना समजावून सांगावे, आणि मग ज्याने त्याने निर्भयपणे आपला निर्णय घ्यावा. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. कैद्यांच्या प्रश्नासाठी स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत या पाच राष्ट्रांचे एक मंडळ नेमण्यात आले. त्याचे अध्यक्षपद थिमय्यांकडे आले. कैद्यांच्या प्रत्यक्ष पहाऱ्याचे काम एकट्या भारताकडे आले, आणि त्या संरक्षक सेनेचे सेनापती म्हणून मेजर जनरल थोरात यांची निवड झाली. त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीस वर्षांचे होते.

हे काम स्वीकारणे म्हणजे इंगळास हात घालण्यासारखे होते. दोन्ही पक्ष एकमेकांस पाण्यात पाहत होते आणि मध्ये उभ्या राहणाऱ्या भारताविषयी दोघांच्याही मनात संशय होता. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा राग तर इतका तीव्र होता की, भारतीय सैनिकांनी आमच्या भूमीवर पाऊलही ठेवता कामा नये असे त्यांनी जाहीर केले. आता ज्या देशात जावयाचे त्याच्या भूमीवर पाऊल न ठेवता जावयाचे तरी कसे? भारतीय जहाजे इंचॉन बंदराबाहेर येऊन थांबली. तेथून सैनिकांना अमेरिकेच्या एका विमानवाहू जहाजावर नेण्यात आले, आणि त्या जहाजावरून हेलिकॉप्टरमध्ये बसवून दक्षिण कोरियाच्या भूमीवरून उडवत दोन्ही सैन्यांमधील मोकळ्या पट्ट्यात उतरवण्यात आले. काही हजार माणसे अशी चार-चार, पाच-पाच करून आकाशमार्गाने गेली. त्या दिवसांत हेलिकॉप्टर ही अगदी नवलाची वस्तू होती. जाट, राजपुताना रायफल्स, डोगरा, गढवाल या पलटणींचे जवान त्यात होते. पॅराशूट रेजिमेंटची मूळची मराठा पलटणही होती. ज्यांनी आगगाडीखेरीज दुसरे वाहन क्वचितच पाहिले असेल, अशा खेड्यापाड्यांतील मुलांनी त्या यंत्रात बसून परदेशाचे डोंगर खाली पाहिले.

पानमुंजोम या ठिकाणाजवळ भारतीयांची वसाहत उभी राहिली. तिला हिंदनगर असे नाव दिले गेले. सप्टेंबर महिन्यात कैद्यांचा ताबा घेण्यात आला. दक्षिणेकडून २२,००० हून अधिक कैदी आले. त्यांत सुमारे १४,७०० चिनी व ७,९०० कोरियाई होते. उत्तरेकडून आलेले केवळ ३५९ होते. त्यांत २३ अमेरिकन व एक ब्रिटिश होता. काटेरी तारांनी वेढलेली मोठमोठी आवारे केलेली होती व एकेका आवारात सुमारे पाचशे कैदी ठेवलेले होते. मोठ्या शाळेत जितकी मुले असतात तितकी माणसे एका आवारात, आणि तीही संतप्त, तरुण, लढाईत मुरलेली. ज्याने शाळा सांभाळली आहे त्यास याचा थोडासा अंदाज करता येईल. पुरा अंदाज कोणासच करता यावयाचा नाही.

कारण ही आवारे केवळ कैद्यांची नव्हती. प्रत्येक आवारात कैद्यांची आपली गुप्त संघटना होती, त्यांचे पुढारी होते, आणि त्या पुढाऱ्यांची जरब मोठी होती. कित्येक चिनी कैद्यांच्या दंडांवर साम्यवाद्यांविरुद्धची वाक्ये गोंदलेली होती. असा मनुष्य मायदेशी परत गेला तर त्याची काय गत होईल, हे त्यासही ठाऊक होते. तथापि सर्वांनाच राहावयाचे होते असेही नाही. काही जणांच्या मनात घरची ओढ होती; आईबाप, बायकामुले पलीकडे होती. परंतु तसे बोलून दाखवणाऱ्याचा रात्रीतून घात होई. काही कैद्यांचे असे खून झाल्याचे उघडकीस आले. त्यामुळे घरी जाऊ इच्छिणारा कैदी संधी साधून तारेकडे धावे आणि भारतीय पहारेकऱ्याच्या हवाली होई. अशा माणसास सुखरूप बाहेर काढणे हे पहारेकऱ्याचे काम. आणि जो राहू इच्छितो त्यास कोणी बळाने ओढून नेऊ नये हेही पाहणे त्याच पहारेकऱ्याचे काम.

बाहेर उभ्या असलेल्या आपल्या जवानांवर दगड पडत. त्यांच्या देशाचा धिक्कार करणाऱ्या घोषणा दिवसभर चालत. ते शब्द परके असले तरी त्यांतील द्वेष कळण्यास भाषा लागत नाही. आणि जवानाच्या हाती बंदूक असूनही ती चालवावयाची नाही असा सेनापतीचा सक्त हुकूम! रणात शत्रूवर चालून जाण्यास धैर्य लागते हे सर्वांस मान्य आहे. परंतु हाती शस्त्र असता, समोरून दगड येत असता, हात न उचलता उभे राहण्यास जे धैर्य लागते त्याची वर्णने आपल्या बखरींत फारशी आढळत नाहीत.

सप्टेंबर संपत आला असता कसोटीचा प्रसंग आला. एक चिनी कैदी आपल्या आवारातून निसटून भारतीयांकडे आला होता. त्यास घरी जावयाचे होते. त्याच्या सोबत्यांचा यावर संताप झाला. मेजर ग्रेवाल नावाचे एक भारतीय अधिकारी आवाराच्या दाराशी होते. कैद्यांच्या जमावाने एकाएकी उसळून त्यांना धरले आणि आत ओढून नेले. आमचा माणूस परत द्या, मग तुमचा अधिकारी परत मिळेल, असे ते म्हणू लागले. पळून आलेल्या कैद्यास परत देणे म्हणजे त्यास मृत्यूच्या हाती देणे होते. न द्यावे तर मेजर ग्रेवाल यांच्या प्राणांशी गाठ होती. तिसरा मार्ग बळाचा. सैन्य आत घालून गोळीबार करावा, तर ग्रेवाल वाचतील याची शाश्वती नव्हती, आणि शेकडो निःशस्त्र माणसांचे प्रेत पडले असते. त्यानंतर इतर आवारांतील हजारो कैद्यांनी काय केले असते याची कल्पनाही करवत नाही. ज्या सैन्यास शांततेसाठी बोलावले त्याच सैन्याने कत्तल केली, असा डाग भारताच्या नावास कायमचा लागला असता.

थोरातांना बातमी कळताच ते तेथे आले. त्यांनी परिस्थिती पाहिली, आणि ते स्वतः, हाती कोणतेही शस्त्र न घेता, त्या खवळलेल्या जमावात शिरले.

सेनापतीने असे करावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. युद्धशास्त्राच्या पुस्तकात याचे उत्तर बहुधा नकारार्थीच मिळेल. सेनापती पकडला गेला असता तर एका ओलिसाच्या जागी दोन झाले असते, आणि दुसरा सर्वांत मोठा. थोरातांना हे कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांनी जमावाचे मन ओळखले होते. बंदूक घेऊन येणाऱ्याचे त्यांना भय वाटत असे, आणि भ्यालेली माणसेच अधिक क्रूर होतात. मोकळ्या हातांनी येणाऱ्या, उंच आवाजात न बोलणाऱ्या मनुष्यापुढे काय करावे हे त्यांना सुचेना. थोरातांनी राग दाखवला नाही, भीतीही दाखवली नाही. ते पुढाऱ्यांशी बोलत राहिले. अखेर मेजर ग्रेवाल यांना घेऊन ते बाहेर आले. एकही गोळी सुटली नाही, आणि आश्रयास आलेला कैदीही परत दिला गेला नाही.

प्रत्येक वेळी असा शेवट गोड झाला असे मात्र नाही. पुढच्याच काही दिवसांत, ऑक्टोबरच्या आरंभी, कैद्यांचे जमाव तारा ओलांडून पळण्याच्या बेताने पहारेकऱ्यांवर चालून आले, तेव्हा भारतीय सैनिकांस गोळी चालवावी लागली आणि काही कैदी प्राणास मुकले. हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. बंदूक न चालवण्याचा निश्चय केलेल्या सेनापतीस तसे करणे भाग पडले याचे दुःख वाटले असणारच. परंतु त्यानंतर सूडाचे चक्र फिरू लागले नाही.

मग समजावणीचे काम सुरू झाले. त्यासाठी तंबू उभारले होते. एकेक कैदी तंबूत आणावयाचा. त्याच्या देशाचे प्रतिनिधी त्यास परत येण्याविषयी सांगत. पाच राष्ट्रांची माणसे साक्षीस बसत. तंबूस बाहेर पडण्याची दोन दारे होती. एका दाराने गेले की मायदेशाची वाट, दुसऱ्या दाराने गेले की पुन्हा तारेच्या आत. आयुष्याचा सारा निर्णय दोन दारांत! कित्येक कैदी आत येताच आरडाओरडा करीत, समजावणाऱ्यांवर धावून जात, आणि मागे उभ्या असलेल्या भारतीय शिपायांस त्यांना आवरावे लागे. काही जण मात्र गप्प बसून ऐकत, आणि मग हळूच मायदेशाच्या दारातून निघून जात. बहुतेक आवारांतील कैदी तंबूत येण्यासच नकार देऊ लागले, त्यामुळे नव्वद दिवसांच्या मुदतीत हे काम मोजकेच दिवस चालू शकले. २३ डिसेंबर रोजी ती मुदत संपली.

तोवर हिवाळा आला होता. कोरियाचा हिवाळा आपल्या महाबळेश्वरच्या थंडीसारखा नव्हे. वारा उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातून येतो आणि पाणी भांड्यात गोठते. ज्यांनी कधी बर्फ पाहिले नव्हते अशा जवानांनी त्या थंडीत रात्ररात्र तारेभोवती पहारा केला.

जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांच्या मंडळापुढे पुन्हा पेच आला. कैद्यांच्या भवितव्याचा निर्णय करण्यासाठी जी राजकीय परिषद भरावयाची होती ती भरलीच नाही, आणि भारतीय सैन्याच्या ताब्याची मुदत संपत आली. त्यांना सोडून द्यावे असे एका पक्षाचे म्हणणे, ठेवून घ्यावे असे दुसऱ्या पक्षाचे. भारताने दोन्ही न करता ज्याने ज्याचे कैदी दिले होते त्यास ते परत सोपवले. २१,००० हून अधिक कैदी दक्षिणेकडे गेले. निर्णय कोणाच्याच मनासारखा नव्हता, आणि दोन्ही बाजूंनी टीका झाली. पंचाच्या नशिबी दोन्ही पक्षांची नाराजी येते हे गावच्या पंचायतीतही दिसते.

अठ्ठ्याऐंशी कैद्यांनी मात्र यांपैकी कोणतीच बाजू निवडली नाही. त्यांना उत्तरही नको होती आणि दक्षिणही. त्यांना तटस्थ देशात जावयाचे होते. फेब्रुवारी १९५४ मध्ये ते भारतीय सैन्याच्या मागोमाग जहाजाने मद्रासला आले. ज्या पहारेकऱ्यांवर त्यांच्या सोबत्यांनी दगड टाकले होते त्यांच्याच देशात आसरा घ्यावा असे त्यांना वाटले! त्यांतील काही पुढे दुसऱ्या देशांत गेले व काही येथेच राहिले.

थोरातांना या कामगिरीबद्दल अशोकचक्र, दुसरा वर्ग, हा सन्मान देण्यात आला. त्यालाच १९६७ पासून कीर्तिचक्र असे म्हणतात. पद्मश्री ही पदवीही त्यांना मिळाली. पुढे लेफ्टनंट जनरल होऊन १९५७ साली ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. तेथे चीनच्या बाजूने येणाऱ्या संकटाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, आणि मार्च १९६० मध्ये लखनौ येथे लाल किला नावाचा लष्करी सराव घेऊन आपल्या सरहद्दीवरील उणिवा स्पष्ट करून दाखवल्या. त्यांच्या सूचनांकडे वेळीच पुरेसे लक्ष दिले गेले नाही. १९६१ साली ते निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच वर्षी चीनने स्वारी केली. दिल्लीत त्यांचे शब्द तेव्हा अनेकांस आठवले असतील. निवृत्तीनंतर त्यांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद भूषविले, आणि १९८६ साली आपले आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

कोरियानंतर भारतीय सैनिक शांतिरक्षणासाठी गाझात गेले, काँगोत गेले, आणि नंतर इतरही अनेक देशांत. काँगोत १९६१ साली कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांनी प्राणार्पण केले व त्यांस परमवीरचक्र मिळाले. दरवर्षी २९ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा स्मरणदिन पाळला जातो. कोरियातील संरक्षक सेना संयुक्त राष्ट्रांच्या हुकमाखाली नव्हती, ती पाच राष्ट्रांच्या मंडळाची होती. परंतु पुढच्या सर्व तुकड्यांची वडील बहीण तीच होय. २६ मार्च २०२१ रोजी दिल्लीच्या छावणीत भारत-कोरिया मैत्री उद्यानाचे उद्घाटन भारत व दक्षिण कोरिया या दोन्ही देशांच्या संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते झाले. ज्या देशाच्या अध्यक्षाने आपल्या सैनिकांस भूमीवर पाऊल ठेवू दिले नव्हते, त्याच देशाचा मंत्री त्यांच्या स्मारकापाशी येऊन उभा राहिला. उद्यानात जनरल थिमय्यांचा पुतळा आहे, आणि रंगराजांच्या वैद्यकीय पथकाची हकीकत स्तंभांवर कोरलेली आहे.

या सेनेचे आणखी एक स्मारक आहे, ते अगदीच लहान आहे. १९५३ साली कोरियातील आपल्या सैनिकांना घरी पत्रे पाठवता यावीत म्हणून भारताच्या टपाल खात्याने नेहमीच्याच तिकिटांवर देवनागरीत चार शब्द छापून ती तिकडे पाठवली. भारतीय संरक्षा कटक कोरिया, असे ते शब्द होते. कटक म्हणजे सैन्य. मूळ तिकिटांवर आपल्या देशातील प्राचीन देवळांची व स्तूपांची चित्रे होती. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी लिहिलेली पत्रे ही तिकिटे लावून समुद्रापलीकडून गावोगावी येत. टपाल तिकिटे जमवणाऱ्यांच्या संग्रहांत ती आजही पाहावयास मिळतात.